किल्ली कोणाकडे?

(विहाराच्या वर्धापनदिनी शहागंज येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलायला उभं केलं, हा त्यांचा मोठेपणा. आम्ही गिरणी कामगार. शाळा नववीत सुटली. पुढचं जे काही शिक्षण झालं ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि या विहाराच्या सतरंजीवर. तेव्हा भाषेत कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं. विषय मात्र आम्ही जाणूनबुजून निवडला आहे. खेड्यापाड्यातला सरकारी दवाखाना चालवतो कोण, आणि त्याला जाब विचारतो कोण?

तुम्ही म्हणाल, आपण शहागंजात राहतो, घड्याळाचा टॉवर घरातून दिसतो, घाटी हाकेच्या अंतरावर आहे, मग खेड्यातल्या दवाखान्याशी आपला काय संबंध? संबंध आहे. या गल्लीतलं एक तरी घर असं दाखवा, जिथे कन्नड, सिल्लोड, सोयगाव, पैठणकडचे पाहुणे पेशंट घेऊन उतरले नाहीत. सून घाटीत दाखल, म्हातारी आपल्या ओट्यावर पथारी टाकून, आणि आपल्या घरच्या बाया दोन वेळचा डबा करून देतात. हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. आपण त्याला पाहुणचार म्हणतो. पण गावच्या दवाखान्यात जे व्हायला हवं होतं ते झालं नाही, म्हणून तो पेशंट आपल्या ओट्यापर्यंत येतो, हे आपण विचारात घेत नाही.

आता घरची गोष्ट सांगतो. १९९६ चा पावसाळा. आमची धाकटी बहीण डोंगराकडच्या एका गावात दिलेली. रात्री पोटात कळा सुरू झाल्या. बैलगाडीतून तिला दवाखान्यात आणलं. नर्सबाई होत्या, त्यांनी हात लावून सांगितलं, मूल आडवं आहे, मोठ्या दवाखान्यात न्या. बाहेर सरकारी जीप उभी होती. किल्ली ड्रायव्हरकडे, ड्रायव्हर रजेवर, आणि बदली ड्रायव्हर दिलेला नाही. दुसरी किल्ली कपाटात, कपाटाची किल्ली तालुक्याला गेलेल्या डॉक्टरांकडे. शेवटी भाजीचा टेम्पो मिळाला, तोवर उजाडलं होतं. बहीण वाचली. मूल गेलं. मुलगी होती.

आम्ही तेव्हा तरणेताठे, रक्त तापलेलं. गिरणीतून आठ दिवसांची रजा टाकली आणि विचारत सुटलो. डॉक्टर म्हणाले, मला ड्रायव्हर नेमायचा अधिकार नाही, मी तीन पत्रं पाठवली आहेत. त्यांनी पत्रांच्या प्रती दाखवल्या; माणूस खोटा नव्हता. तालुक्याचा कारकून म्हणाला, पत्रं वर गेली. वर गेलो तर साहेबांची बदली झालेली, नवे साहेब रुजू व्हायचे होते. खुर्चीवर नॅपकिन टाकून ठेवलेला. त्या नॅपकिनकडे बघत आम्ही किती वेळ उभे होतो ते आठवत नाही. भांडायला गेलो होतो, भांडायला समोर माणूसच नव्हता.

बंधूंनो, आम्ही गिरणीत लागलो ते बदली कामगार म्हणून. ज्यांनी गिरणी पाहिली त्यांना ठाऊक आहे. बदलीवाल्याला यंत्राचा स्वभाव कळायच्या आत दुसऱ्या खात्यात धाडतात. पण एक सांगतो. रात्रपाळीला मॅनेजर घरी झोपलेला असला तरी खात्यात जॉबर हजर असतो. रिंग फ्रेम बंद पडली तर ती चालू करायची जबाबदारी कोणाची, हे झाडूवाल्यालासुद्धा माहीत असतं. सुतासाठी एवढी व्यवस्था! मग बाळंतिणीसाठी का नाही, हा प्रश्न आमच्या डोक्यात त्या वर्षी शिरला तो अजून निघालेला नाही.

म्हणून आम्ही ही व्यवस्था समजून घ्यायला लागलो. तुम्हीही समजून घ्या, फार अवघड नाही.

१९६१ च्या कायद्याने महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या; १ मे १९६२ पासून कारभार सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याखालची उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडे. तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि त्यांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना सीईओ म्हणतो ते. सपाट मुलखात ५ हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि ३० हजारांना एक प्राथमिक केंद्र. डोंगराळ व आदिवासी भागात ३ हजारांना आणि २० हजारांना, असं ठरलेलं माप आहे. त्याच्या पुढचं ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा परिषदेचं नाही; ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. आणि आपली घाटी तिसऱ्याच खात्याची, वैद्यकीय शिक्षणाची.

म्हणजे काय झालं? खेड्यातली बाई एका रात्रीत तीन दारांतून जाते आणि तिन्ही दारांचे मालक वेगळे. प्रत्येक जण आपला उंबरठा सांभाळतो. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंतच्या अंधारात ती कोणाची, हे कोणी सांगत नाही. २०१४ पासून १०८ ची गाडी आली, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगाव आशाताई दिल्या. बाळंतपणात बाया मरण्याचं प्रमाण महाराष्ट्रात पुष्कळ खाली आलं. २०१८ ते २०२० च्या सरकारी पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे ते ३३ होतं. हे मान्य करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. पण ज्या घरची बाई त्या तेहतिसात असते, त्या घराला सरासरी सांगून उपयोग नाही.

आता नेतृत्व म्हणजे काय, यावर दोन शब्द. आपल्या मनात पुढारी म्हटलं की हार, माईक आणि गाडी येते. दवाखान्याचा पुढारी वेगळा असतो. दोन उदाहरणं देतो, दोन्ही आपल्या महाराष्ट्रातली.

पहिलं जामखेडचं. तेव्हाच्या नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम सुरू केलं. दुष्काळी मुलूख. त्यांनी गावागावांतून बाया निवडायला सांगितल्या. त्यांत अक्षरओळख नसलेल्या होत्या, आपल्या वस्तीतल्या होत्या, ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं अशाही होत्या. या बाया आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन बाळंतपण, जुलाब, लसीकरण सांभाळायच्या. डॉक्टरांनी आपल्या हातातलं ज्ञान खाली सोडलं. १९७९ साली या जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण आमच्या मते मोठी गोष्ट ही की ज्या घरात बाईला उंबऱ्याबाहेर उभं करत होते, तिथे तिला बाळंतिणीच्या उशाशी बोलावू लागले.

दुसरं नंदुरबारचं. सातपुड्यातला आदिवासी जिल्हा. २०२० मध्ये करोना आला तेव्हा तिथे जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारूड. स्वतः भिल्ल समाजातले. वडील जन्माआधीच गेलेले, आईने मोहाची दारू विकून वाढवलं, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. मुंबईत डॉक्टर झाले, मग आय.ए.एस. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी जिल्हा रुग्णालयात प्राणवायूचा प्लँट बसवला. पुढे साथ ओसरली, तरी त्यांनी तयारी थांबवली नाही, आणखी प्लँट उभे केले. २०२१ च्या उन्हाळ्यात मोठमोठ्या शहरांत लोक सिलिंडरसाठी रांगा लावत होते, तेव्हा हा मागास म्हटलेला जिल्हा तग धरून होता. शेजारच्या जिल्ह्यांतले पेशंट तिकडे जात होते. अधिकार अनेकांकडे होता. यांनी तो वेळेवर वापरला, एवढाच फरक.

त्याच जिल्ह्यात त्याच वर्षी एक अंगणवाडी सेविका स्वतः नाव वल्हवत नर्मदेकाठच्या पाड्यांवर गरोदर बायांपर्यंत पोचत होती. पेपरांनी तिचं कौतुक केलं, आम्हीही केलं. पण कौतुक करून थांबू नका. तिला रोज वल्हं मारावं लागू नये हे पाहणं ज्याचं काम, त्याला आपण अधिकारी म्हणतो. खालच्या माणसाच्या शौर्यावर वरचा कारभार चालत असेल तर ती वरच्याची कसूर आहे.

आता उलट उदाहरण. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यात बारा नवजात बालकं. औषधं पुरेशी होती की नव्हती, यावर वाद झाला. मग एक खासदार तिथे गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन संडास साफ करायला लावला. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. काही लोकांनी टाळ्याही वाजवल्या. आम्हाला मात्र त्या दिवशी विनयपिटकातली गोष्ट आठवली.

भगवान बुद्ध आनंदासोबत विहारातून फिरत होते. एक भिक्खू हगवणीने आजारी, आपल्याच घाणीत पडलेला. भगवंतांनी विचारलं, तुझी सेवा कोणी करत नाही का? तो म्हणाला, मी कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून माझं कोणी करत नाही. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदाने धुतलं. एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून धरून त्याला खाटेवर ठेवलं. इथपर्यंतची गोष्ट आपण लेकरांना सांगतो. पुढचा भाग विसरतो. भगवंतांनी नंतर भिक्खूंना एकत्र बोलावलं आणि नियम घालून दिला: आजाऱ्याची सेवा आधी उपाध्यायाने करायची, तो नसेल तर आचार्याने, नाहीतर शिष्याने, आणि कोणीच नसेल तर संघाने, न केल्यास दोष. बघा, झाडू दुसऱ्याच्या हातात दिला नाही. आधी स्वतः हात लावला, आणि उद्या आपण इथे नसलो तरी हा माणूस घाणीत पडू नये म्हणून जबाबदारी लावून दिली. जीपच्या किल्लीचा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी सोडवलेला आहे!

बाबासाहेबांचंही तेच. बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार लेकरं लहानपणीच गेली. ते दुःख ते कुठे बोलत बसले नाहीत. पण १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं तेव्हा ते त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि हा भार सरकारनेही उचलला पाहिजे असं म्हणाले. १९२९ साली तो कायदा झाला. आमच्यासारख्या गिरणीवाल्यांच्या घरात त्याचा उजेड पडला.

मग आपण काय करायचं? मोर्चा काढायची हौस आम्हालाही आहे, पण आज साधी कामं सांगतो.

एक. प्रत्येक घराने आपल्या मूळ गावच्या दवाखान्याची माहिती आणावी. डॉक्टर किती असायला हवेत, किती आहेत, रात्री कोण असतं, गाडीची किल्ली कोणाकडे. ती या विहाराच्या फळ्यावर लिहू.

दोन. दवाखान्याला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यावर आपल्या वस्तीतलं कोण आहे, बैठक कधी झाली, हे ग्रामसभेत उठून विचारायला गावच्या पोरांना सांगा.

तीन. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात अधिकाऱ्याचा साधारण कार्यकाळ ३ वर्षांचा सांगितला आहे, आणि कोणतीही फाईल ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवू नये असंही लिहिलं आहे. माहितीचा अधिकारही त्याच वर्षीचा. चांगल्या अधिकाऱ्याची मुदतीआधी बदली झाली तर आपण अर्ज करू. खुर्ची रिकामी राहिली तरी अर्ज करू. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर कित्येक जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे निवडणुकीविना प्रशासकांच्या हाती राहिल्या, आणि त्या काळात जाब विचारायला निवडून दिलेला सदस्यही नव्हता. तेव्हा मतदानाच्या दिवशी दवाखाना डोळ्यांसमोर ठेवा.

आणि चार. जो अधिकारी, जी नर्स, जी आशाताई इमानाने काम करते, तिला या विहारात बोलावून दोन फुलं द्या. आपण नुसते तक्रारखोर नाही, हे त्यांना कळलं पाहिजे.

आमची बहीण आज नातवंडांत आहे. दर पावसाळ्यात एकदा म्हणते, दादा, ती असती तर एवढी झाली असती. आमच्याकडे उत्तर नसतं. आम्ही विचारतच राहतो, किल्ली कोणाकडे? तुम्हीही विचारा. आपल्या ओट्यावर पथारी टाकून बसलेल्या त्या म्हातारीसाठी तरी विचारा.