कापलेला कान आणि हिरवी रेघ
(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात एका पशुवैद्य भगिनींनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)

काल आरतीनंतर एका काकूंनी मला अडवलं. "अहो डॉक्टर, आमच्या गल्लीतल्या कुत्रीचा कान कुणा मेल्याने कापला हो!" काकू, तो दुष्टपणा नाही. ती नसबंदीची खूण आहे. भूल दिलेली असतानाच कानाचा छोटा तुकडा काढतात, त्या वेळी तिला काही कळत नाही. 2001 च्या केंद्रीय नियमांतच लिहिलं होतं, की शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याचा कान कापावा किंवा गोंदावा. लांबून खूण दिसली, की गाडीवाले त्याच कुत्रीला पुन्हा धरत नाहीत.

पण कान भांडणातही फाटतो. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने रस्त्यावरची कुत्री घरी आणली. कान असा फाटलेला, की खूण आहे की जखम, समजेना. पोटावर दाट केस, जुना व्रण मला दिसला नाही. मी पोट उघडलं. आत गर्भाशय नव्हतंच! भूल, चीर, दहा दिवसांचे टाके, सगळं त्या मुक्या जिवाला विनाकारण. मी पैसे घेतले नाहीत, पण त्या घरातल्या मुलीने विचारलं, "मग हिला उगाच का कापलंत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी टाक्यांशेजारी हिरव्या शाईची बारीक रेघ गोंदते. अमेरिकेत ही पद्धत रुळली आहे. आपल्या आजीच्या हातावरचं गोंदण जसं जन्मभर टिकायचं, तशीच ही. केस बाजूला सारले की दिसते.

कानाच्या आत अक्षरं-आकडे गोंदलेले दिसले, तर ती ओळखीची खूण. त्यावरून नसबंदी झाली असं समजू नका. मायक्रोचिपचंही तेच. तांदळाच्या दाण्याएवढी, खांद्यांमध्ये कातडीखाली, त्यात साधारणपणे 15 आकडी नंबर. कुत्रा कुठे आहे, हे ती मोबाइलवर दाखवत नाही, हे कृपया लक्षात घ्या! यंत्राने नंबर वाचायचा आणि नोंदीतून मालक शोधायचा. तुमचा फोन बदलला आणि नोंद तीच राहिली, तर चिप असून नसल्यासारखी.

तेव्हा शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना विचारा, "खूण करणार ना?" आणि लसीच्या कार्डावर तारीख लिहून घ्या. आता प्रश्न. पहिला मान काकूंचा.