तिकीट पंढरपूरचं

बोलता बोलता मी मधेच थांबलो, एखादं अक्षर दोन-तीनदा आलं, तर तुमचा रेडिओ बिघडला असं समजू नका. मी तोतरा बोलतो. ध्वनिमुद्रणात अशा जागा कापून टाकता येतात. पण मीच विनंती केली की त्या राहू द्या.

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आयटीआय करून 1996 साली गावाकडून आलो, तेव्हा साधा ऑपरेटर होतो. खोली बजाजनगरला. शहरातून घरी जायचं तर पंढरपूरला उतरावं लागे. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो, हे आमचं वाळूजजवळचं छोटं पंढरपूर. आषाढी एकादशीला इथेही मोठी यात्रा भरते, पायी दिंड्या येतात.

आता माझी अडचण अशी की 'प' हे अक्षर माझं वैरी. बाबा पेट्रोल पंपावर बसमध्ये चढलो की छाती धडधडायला लागायची. कंडक्टर पुढच्या बाकापर्यंत आला की ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. मान ताठ, डोळे गच्च बंद. मागून कुणीतरी फिदीफिदी हसायचं. शेवटी मी युक्ती काढली. 'वाळूज' म्हणायला लागलो. 'व' माझ्या तोंडून सहज निघतो. वाळूज गाव पंढरपूरच्या पुढे, त्यामुळे तिकीट जास्तीचं. पैसे वाळूजचे द्यायचे आणि उतरायचं पंढरपूरला! बारा-तेरा वर्षं हा दंड मी गुपचूप भरला.

अशा युक्त्या माझ्याकडे ढिगाने होत्या. हॉटेलात पोहे खावेसे वाटले तरी इडली मागवायची. फोन वाजला की दुसऱ्याच्या हातात द्यायचा. माझ्या नावातही पहिलं अक्षर 'प', म्हणून कुणी नाव विचारलं की आधी आडनाव सांगायचं. लोक म्हणायचे, मितभाषी आहे. मितभाषी कसला, मी लपून बसलो होतो.

आणि गंमत बघा. एकादशीला भजनात उभा राहिलो की हाच 'प' टाळांच्या ठेक्यावर सरळ निघायचा. कारखान्यात 4 मार्चला सुरक्षा दिनाची शपथ सगळे एका सुरात म्हणतात, तिथेही मी कधी अडखळलो नाही. जगभरच्या तोतऱ्या माणसांचा हाच अनुभव आहे. गाताना किंवा इतरांबरोबर एका सुरात म्हणताना अडखळणं बहुतेक जातं. म्हणजे जीभ धडधाकट आहे. तरी माझ्या आईने लहानपणी वेखंड घासून चाटवलं, अक्कलकारा मधातून दिला, कुणी सांगितलं म्हणून तोंडात खडे ठेवून वाचायला लावलं. तिची माया खरी होती, पण दुखणं जिभेत नव्हतंच.

हे मला कळलं ते मुलामुळे. 2009 ची गोष्ट. मुलगा साडेतीन वर्षांचा होता. एका संध्याकाळी मी सेकंड शिफ्टला निघालो, तर तो दारात येऊन म्हणाला, "प-प-पप्पा, च-चेंडू आणा." माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी खेकसलो, "नीट बोल! हळू बोल!" तो गप्प झाला. सायकलवर बसलो आणि लक्षात आलं, हे शब्द माझे नाहीत, माझ्या वडिलांचे आहेत. हेच ऐकत मी लहानाचा मोठा झालो आणि त्यातूनच गप्प बसायला शिकलो.

पुढच्या सुट्टीला आम्ही नवरा-बायको मुलाला घेऊन शहरात वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी समजावलं ते मी सगळ्या आईबापांसाठी सांगतो. शंभरातली साधारण पाच मुलं लहानपणी कधी ना कधी तोतरी बोलतात, बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात. त्यांतली बहुतेक आपोआप सुधारतात; मोठेपणी शंभरात एखाद्याचंच राहतं आणि त्यांत बायकांपेक्षा पुरुष बरेच जास्त. हा दोष भित्रेपणाचा नाही, आईबापाच्या चुकीचाही नाही. तो घराण्यात चालत येऊ शकतो. 2010 साली तर शास्त्रज्ञांनी त्याच्याशी संबंध असलेली काही जनुकंही शोधून काढली. मुलाचं वाक्य आपण पुरं करू नये, त्याला दटावू नये. आपणच सावकाश बोलावं, त्याचं बोलणं संपेपर्यंत त्याच्याकडे बघत ऐकावं. आणि काही महिन्यांत फरक पडला नाही तर तज्ज्ञाला दाखवावं, थांबू नये.

निघताना बाई मला म्हणाल्या, "आणि तुमचं काय?" मी म्हटलं, "माझं आता काय होणार?" त्या हसल्या. दर रविवारी येत जा म्हणाल्या.

त्यांनी मला अमेरिकेतल्या चार्ल्स व्हॅन रायपर यांची पद्धत शिकवली. हे गृहस्थ स्वतः तोतरे होते आणि आयुष्यभर त्यांनी याच विषयावर काम केलं. त्यांचं म्हणणं, अडखळणं दाबू नका, सोपं करा. शब्द अडकला तर धक्का मारायचा नाही. ओठ सैल सोडायचे, अक्षराला हलकेच टेकायचं आणि पुढे सरकायचं. अडकून गेला तर क्षणभर थांबून तोच शब्द पुन्हा निवांत म्हणायचा. मशीनमध्ये जॉब अडकला तर आम्ही हातोडा मारत नाही, मशीन थांबवून पकड सैल करतो. तसंच हे.

सगळ्यात अवघड गृहपाठ होता मुद्दाम अडखळायचा. ज्याला आपण भितो ते स्वतःहून केलं की भीतीचा जोर ओसरतो. त्या रविवारी परतताना बसमध्ये कंडक्टर आला. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "प... प... पंढरपूर. साहेब, मी जरा अडखळतो." तो म्हणाला, "निवांत सांगा की राव, गाडी कुठं पळून चालली?" आणि तिकीट फाडून दिलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा योग्य भाड्यात घरी आलो.

मुलाचं अडखळणं वर्षभरात गेलं. माझं पूर्ण गेलेलं नाही, जाईल असंही नाही. पण आता शिफ्टच्या सुरुवातीला वीस माणसांसमोर मीच कामाची वाटणी सांगतो. कुणी नवीन मुलगा आला की पहिल्याच दिवशी सांगून टाकतो, मी अडखळतो, घाई करू नका. सांगून टाकलं की अर्धं ओझं उतरतं. आपल्या देशात 2008 पासून 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' ही संस्था आमच्यासारख्यांचे मदतगट चालवते. तिथेही हेच शिकवतात, आधी स्वीकारा. 22 ऑक्टोबर हा तर जगभर तोतरेपणाविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळतात.

श्रोतेहो, तुमच्या घरात, कारखान्यात, वर्गात असं कुणी असेल तर त्याच्या तोंडचा शब्द काढून घेऊ नका. दोन क्षण थांबा. त्याला बोलायचं आहे.

आजही सुट्टीच्या दिवशी मी बसने शहरात जातो. येताना 'प' कधी सरळ निघतो, कधी अडतो. पण तिकीट मात्र पंढरपूरचंच काढतो.