शाळेचे सहा तास आणि मोबाइल

सकाळी नऊच्या सुमारास निपाणीच्या बसस्थानकावर घटकाभर थांबले, तर सीमाभागातील विद्यार्थिजीवनाचे चित्र सहज पाहावयास मिळते. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या गाड्यांतून पाठीवर दप्तरे घेतलेली मुले-मुली उतरत असतात. काही गावातील शाळांकडे वळतात. थोडी मोठी मुले पुढे जाऊन राज्याची हद्दच ओलांडतात. देवचंद महाविद्यालय निपाणीला अगदी लागून असले, तरी ते ज्या अर्जुननगरात आहे ते गाव कागल तालुक्यातले, म्हणजे महाराष्ट्रातले. एका राज्यात राहावे आणि दुसऱ्या राज्यात शिकावे, यात तेथील मुलांना काहीच नवल वाटत नाही.

या मुलांच्या दप्तरात पूर्वी पुस्तके, वह्या, कंपासपेटी आणि डबा एवढेच असे. आता अनेकांच्या दप्तरात आणखी एक वस्तू असते, आणि ती बहुधा वह्यांच्या तळाशी, शिक्षकांच्या नजरेस पडू नये अशा बेताने ठेवलेली असते. ती वस्तू म्हणजे मोबाइल. शाळेच्या फाटकातून आत गेल्यावर या मोबाइलचे काय करावयाचे, हा आज बेळगाव-निपाणी परिसरातील पालकांपुढे आणि शिक्षकांपुढे असलेला प्रश्न आहे. बंदी घालावी, असे काही शिक्षक म्हणतात. असू द्यावा, असे काही पालक म्हणतात. दोन्ही पक्षांकडे कारणे आहेत, आणि ती ऐकून घेतल्यावाचून केलेला नियम फार दिवस टिकणार नाही.

मोबाइल मुलांच्या हाती आला कसा, हे प्रथम पाहिले पाहिजे. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. ज्या शाळांनी आदल्या वर्षी मोबाइल आणल्याबद्दल मुलांना उभे केले होते, त्याच शाळांना मोबाइलवरून अभ्यास पाठविणे भाग पडले. महाराष्ट्रात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही मालिका मुलांसाठी सुरू झाली. कर्नाटकात ‘विद्यागम’ योजनेखाली शिक्षक देवळात, समाजमंदिरात, झाडाच्या सावलीत मुलांचे लहान लहान गट जमवून शिकवू लागले. पण तेथेही कोणाच्या घरी स्मार्टफोन आहे आणि कोणाच्या घरी नाही, अशी मुलांची विभागणी करावी लागली. अनेक घरांत त्या वर्षी पोटाला चिमटा घेऊन फोन विकत घेतला गेला. तेव्हा मोबाइल हे मुलांनी हट्टाने मिळविलेले खेळणे आहे, असे सरसकट म्हणता येत नाही. मोठ्यांनीच तो त्यांच्या हाती दिला आणि शाळा पुन्हा उघडल्यावर परत घ्यावयाचे मात्र राहून गेले.

देशातील ग्रामीण भागाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ या अहवालाच्या २०२४ च्या आकड्यांवरून हे स्पष्ट होते. चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी त्याचा उपयोग केल्याचे सुमारे ५७ टक्के मुलांनी सांगितले. समाजमाध्यमांसाठी तो वापरल्याचे सुमारे ७६ टक्के मुलांनी सांगितले. ज्यांना फोन वापरता येतो, त्यांपैकी चौदा वर्षांच्या सुमारे २७ टक्के मुलांचा आणि सोळा वर्षांच्या सुमारे ३८ टक्के मुलांचाच फोन स्वतःचा होता. बाकीचे सारे बापाच्या, आईच्या किंवा थोरल्या भावाच्या फोनवर भागवीत होते. यावरून दोन गोष्टी निघतात. अभ्यास हे मोबाइलचे एक काम आहे, परंतु मुख्य काम नव्हे, ही एक. आणि दप्तरात सापडलेला फोन पुष्कळदा मुलाचा नसून घराचा असतो, ही दुसरी. अशा फोनला शिक्षक हात लावतात, तेव्हा ते साऱ्या घराच्या वस्तूला हात लावीत असतात.

सीमाभागात या घरच्या फोनची कामे इतर ठिकाणांहून अधिक आहेत. पहिले काम प्रवासाचे. दोन राज्यांत भाषेवरून तणाव झाला की त्याचा पहिला फटका एस्. टी. ला बसतो. २०२२ च्या डिसेंबरात तसे घडले. २०२५ च्या फेब्रुवारीतही दोन्ही राज्यांमधील गाड्यांच्या फेऱ्या काही काळ बंद राहिल्या. सकाळी सुरू असलेली गाडी संध्याकाळी येणार नाही, हे हद्दीपलीकडे शिकणाऱ्या मुलीला कळावे कसे? तिची आई विड्या वळीत बसलेली असते आणि बाप कागलच्या औद्योगिक वसाहतीत नाही तर बेळगावच्या उद्यमबागेत कामावर असतो. मुलीजवळ फोन असावा, असे या आईबापांना वाटले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

दुसरे काम भाषेचे. सरकारी कचेरीतून आलेला कागद कन्नडमध्ये असतो. घरातील वडीलधाऱ्यांना तो नीट वाचता येतोच असे नाही. मग शाळेत जाणारा मुलगा त्या कागदावर फोन धरतो, मजकूर मराठीत उतरवून घेतो आणि आजोबांना वाचून दाखवितो. मराठीतून कागदपत्रे मिळावीत, ही या भागातील लोकांची जुनी मागणी; तिची उणीव आज नातवाच्या हातातील फोन कशीबशी भरून काढीत आहे. अशा ठिकाणी मोबाइलला केवळ व्यसन म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल.

परंतु हे सारे मान्य केले, तरी शाळेच्या सहा तासांत मोबाइलला वर्गात जागा द्यावी, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात असे नमूद आहे की, एकदा विचलित झालेल्या विद्यार्थ्याचे मन पुन्हा विषयावर स्थिर होण्यास वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. तासिका चाळीस मिनिटांची असते. फळ्यावर प्रमेय मांडले जात असता दप्तरातील फोन एकदा जरी थरथरला, तरी अर्धी तासिका हातची जाऊ शकते. आणि ती एकट्याचीच जाते असे नाही, शेजारच्या मुलाचीही जाते.

दुसरी हानी याहून गंभीर आहे, आणि तिच्याविषयी पालकसभेत सहसा कोणी मोठ्याने बोलत नाही. फोनला डोळा असतो. वर्गातील एखाद्या मुलीचे छायाचित्र तिच्या नकळत काढणे, त्यात फेरफार करणे आणि ते गावभर पाठविणे, हे काम आता काही मिनिटांचे झाले आहे. खोडी करणाऱ्या मुलाला कदाचित समज देऊन सोडले जाते. मुलीच्या बाबतीत मात्र घरच्यांचा धीर सुटतो, आणि खेड्यापाड्यांत त्याचा शेवट तिची शाळा थांबण्यात होऊ शकतो. बसची चौकशी करता यावी म्हणून दिलेल्या फोनमुळे दुसऱ्या एखाद्या मुलीचे शिक्षणच संपावे, ही किंमत फार मोठी आहे.

तिसरी हानी मधल्या सुट्टीत होते. ती मोजण्यास कोणतेही माप नाही, पण सीमाभागाला ती विशेष जाणवावी अशी आहे. आकाशवाणीच्या शालेय कार्यक्रमांच्या काळात शाळेत रेडिओचा संच असलाच तर एक असे. तो लावला की सारा वर्ग एकत्र ऐके, एकत्र हसे आणि नंतर त्यावर एकत्र बोले. मोबाइल प्रत्येकाला निराळे काही दाखवितो. शेजारी बसलेली दोन मुले दोन जगांत असतात. या भागातील मराठी मुलाला कन्नड शिकावी लागते, इंग्रजीची आस असते आणि फोनवरील चित्रफितींतून हिंदी अखंड कानी पडत असते. त्यांतील कोणतीही भाषा शिकण्यात तोटा नाही. कन्नड तर त्याच्या शेजाऱ्याची आणि राज्याची भाषा आहे. पण भाषा केवळ पाठ्यपुस्तकातून येत नसते. भांडताना, चिडविताना, समजूत घालताना, डब्यातील भाजीवरून थट्टा करताना ती मुलांच्या अंगी मुरते. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा यांसारख्या गावांतून साहित्यसंमेलने भरतात आणि गावकरी मांडवात बसून दिवसभर भाषणे ऐकतात. ऐकण्याची आणि बोलण्याची ही सवय त्या मांडवात जन्माला येत नाही. तिची पेरणी शाळेच्या अंगणात झालेली असते. मधली सुट्टीच मुकी झाली, तर मराठी शाळेची पाटी मराठीत राहूनही आतले अंगण मुके होईल.

या प्रश्नावर इतरांनी काय केले, हे पाहणे उपयोगी आहे. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत मोबाइलच्या वापरास मनाई केली. नेदरलँड्सने २०२४ च्या आरंभापासून माध्यमिक शाळांच्या वर्गातून तो बाहेर ठेवला. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये केंद्रीय विद्यालयातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात या विषयाचा सांगोपांग विचार केला. विद्यार्थ्यांना स्मार्टफोन आणण्यास सरसकट बंदी घालणे इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही. मात्र शाळेत त्याच्या वापरावर नियंत्रण व देखरेख असावी, शक्य तेथे फोन जमा करून सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था असावी, वर्गात त्याचा वापर होऊ नये आणि नियम करताना पालक, शिक्षक व तज्ज्ञ यांचा विचार घ्यावा, असे त्या निर्णयाचे सार आहे. हा निर्णय कर्नाटकातील शाळांवर बंधनकारक नसला, तरी मार्गदर्शक खचित आहे. कारण त्यात प्रवासातील सुरक्षितता आणि वर्गातील एकाग्रता या दोहोंचा मान राखलेला आहे.

मग प्रत्यक्षात करावे काय? उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक वर्गासाठी कुलपाची एक पेटी आणि तीत हजेरीच्या क्रमांकांचे कप्पे असावेत. प्रार्थनेपूर्वी फोन बंद करून आपापल्या कप्प्यात ठेवावा, वर्गशिक्षकांनी हजेरीबरोबर त्याची नोंद करावी आणि शेवटची घंटा झाल्यावर तो ज्याचा त्याला परत मिळावा. फोन हरवल्यास जबाबदारी कोणाची, हे आरंभीच लिहून ठेवलेले असावे. अन्यथा पहिल्याच तक्रारीत ही व्यवस्था कोलमडेल. दिवसा निरोप देण्याघेण्यासाठी शाळेच्या कचेरीतील फोन पालकांना खुला असावा आणि तो उचलणारे माणूस ठरलेले असावे. गाड्या बंद झाल्याची वार्ता आली, तर ती प्रत्येक वर्गात जाऊन सांगण्याचे काम कचेरीचे. कचेरीचा फोन उचलला जातो, असा विश्वास एकदा आईला वाटला की मुलीच्या दप्तरातील फोनवरचा तिचा भार आपोआप हलका होईल.

याच्या जोडीला काही पथ्ये पाळावी लागतील. नियम शिक्षकांनाही लागू असला पाहिजे. वर्गात शिकविताना शिक्षकांच्या हाती फोन असेल, तर मुलांना केलेला उपदेश हवेत विरतो. नियम मोडला म्हणून साऱ्यांदेखत दप्तर उपसणे, फोन आपटणे किंवा त्यातील खासगी मजकूर उघडून पाहणे, हे शिक्षेचे प्रकार टाळले पाहिजेत. तो फोन बहुधा आईचा असतो, आणि त्यात तिच्या घरसंसाराच्या गोष्टी असतात. फोन एक-दोन दिवस कचेरीत ठेवून पालकांच्या हाती देणे पुरेसे आहे. शाळेनेही आपला गृहपाठ फोनवर पाठविण्याची करोनाकाळातील सवय सोडून तो पुन्हा वहीत लिहून द्यावा. एका हाताने फोन काढून घ्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने फोनवर अभ्यास धाडावयाचा, ही विसंगती मुलांच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. एसडीएमसी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळा सुधारणा समितीने हे नियम पालकसभेत मराठीतून वाचून दाखवावेत आणि विड्या वळणाऱ्या आईलाही शंका विचारता येईल, अशा वेळी ती सभा बोलवावी.

शाळेचे सहा तास सांभाळले तरी संध्याकाळ उरतेच. तिच्यासाठीही मार्ग याच परिसरातून निघाला आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक प्रथा सुरू केली. संध्याकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजे आणि दीड तास घरोघरचे टी. व्ही. व मोबाइल बंद होत. पुढे बेळगावनजीकच्या, सुवर्ण विधानसौधालगतच्या हलगा गावानेही सात ते नऊ या वेळेसाठी असाच भोंगा वाजविण्याचे ठरविले. या गावांचे विशेष असे की, त्यांनी केवळ मुलांना अभ्यासाला बसविले नाही. थोरांनीही आपले फोन बाजूला ठेवावेत, असे ठरविले. बाप ओसरीवर फोन पाहत बसला असता मुलाने आत भूगोल वाचावा, ही अपेक्षा कोणत्याही काळात पुरी झालेली नाही.

तात्पर्य, मोबाइल हा शत्रू नव्हे आणि गुरूही नव्हे. बसस्थानकापासून फाटकापर्यंत तो मुलीचा सोबती आहे. फाटकाच्या आत त्याने पेटीत विसावा घ्यावा, एवढीच मागणी आहे. बेळगावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय चालत आले आहे. तेथे बाहेर चपला काढून ठेवणाऱ्या वाचकाला आपल्या चपला कोणी हिरावून घेतल्या, असे वाटत नाही. परत जाताना त्या लागणार, हे त्याला ठाऊक असते, आणि आत त्यांचे काम नाही, हेही ठाऊक असते. शाळेच्या दारातील पेटीविषयी मुलांच्या मनात हीच भावना रुजली, तर मधल्या सुट्टीत अंगणातून पुन्हा गलका ऐकू येईल. त्या गलक्याने मुख्याध्यापकांना थोडा त्रास होईल खरा. पण तो त्रास सोसण्यासारखा आहे.