चेंडूलाच विचारा, तो खरे सांगतो

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गोल्फच्या पिशवीत सहसा सर्वांत लांब असतो तो ड्रायव्हर, आणि सर्वांत जास्त मनस्ताप देणाराही तोच. चेंडू झोकात निघतो, मध्येच उजवीकडे वळतो आणि झाडीत नाहीसा होतो. याला स्लाइस म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्या हौशी खेळाडूंचे हे जुनेच दुखणे. त्यावर दोन घरगुती उपाय ठरलेले. एक, नवा ड्रायव्हर विकत घेणे. दुसरा, डावीकडे नेम धरणे. पहिल्याने खिसा हलका होतो, दुसऱ्याने दुखणे वाढते.

असे का होते? चेंडू आणि क्लब यांची भेट सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागाइतकी. तेवढ्यात दोन गोष्टी ठरतात. क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला भिडणारा पृष्ठभाग, जिकडे पाहतो, बव्हंशी तिकडे चेंडू निघतो. पुढे तो वळतो, ते फेसची दिशा आणि स्विंगचा मार्ग यांच्यातील फरकामुळे. टेबल टेनिसमध्ये चेंडू ‘कापतात’, तसाच हा प्रकार. डावीकडे नेम धरला की स्विंग आणखी डावीकडे जातो, फेस मात्र ध्वजाकडेच राहतो. फरक वाढला, म्हणजे वळणही वाढले!

ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारण 9 ते 12 अंश. सँड वेजचा पन्नाशीच्या पुढे. लॉफ्ट कमी, म्हणून उलटी फिरकी कमी, आणि आडव्या फिरकीचा प्रभाव जास्त. वेजमध्ये झाकली जाणारी चूक ड्रायव्हरमध्ये अशी उघडी पडते.

आता निदान. सरावाच्या जागी दहा चेंडू मारा आणि तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, चेंडू फेसवर कुठे लागला? व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर ठिपका काढा आणि तो फेसच्या बाजूला ठेवा. फेसवर छाप उमटते. छाप टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला असेल, तर तेवढ्यानेही चेंडू उजवीकडे वळतो. मग ग्रिप बदलून काय होणार? आधी चेंडूपासूनचे अंतर आणि तोल तपासा. क्लबच्या माथ्यावर डाग पडत असतील, तर क्लब फार उभा खाली येतो आहे.

दुसरा प्रश्न, चेंडू कुठे निघाला? आणि तिसरा, कुठे वळला? डावीकडे निघून उजवीकडे वळला, तर स्विंग बाहेरून आत येतो आहे. उजवीकडे निघून आणखी उजवीकडे गेला, तर फेस उघडा राहतो आहे. डावखुऱ्यांनी हे सारे उलट धरावे.

फेस उघडा असेल तर ग्रिप पाहा. उभे राहिल्यावर डाव्या हाताच्या बोटांची दोन ते तीन पेरे दिसायला हवीत. एकच दिसत असेल, तर दोन्ही हात किंचित उजवीकडे फिरवा. स्विंग बाहेरून येत असेल, तर खाली येताना खांदे घाई करत असतात. सुरुवात कमरेखालून व्हावी. सरावासाठी क्लबचे मऊ आवरण चेंडूच्या फूटभर मागे, रेषेच्या किंचित बाहेर ठेवा. ते उडाले, तर चूक तिथेच समजते.

मांडणीही महत्त्वाची. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला हवा. टी इतकी उंच, की निम्मा चेंडू क्लबच्या माथ्यावर दिसावा. उजवा खांदा जरा खाली. ड्रायव्हरने चेंडू वर जाता जाता घ्यायचा असतो. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कोणते औषध लागू पडले ते कळत नाही.

आणि सामन्यात दुरुस्ती करू नका. 2006च्या यूएस ओपनमध्ये, विंग्ड फूट मैदानावर, फिल मिकल्सन शेवटच्या होलवर एका फटक्याने पुढे होता. त्या दिवशी त्याला 14 पैकी फक्त 2 फेअरवे मिळाले होते. तरी त्याने ड्रायव्हरच काढला. तो डावखुरा, म्हणून चेंडू डावीकडे गेला आणि पाहुण्यांच्या तंबूवर आदळला. चार फटक्यांच्या होलवर सहा लागले आणि विजेतेपद जेफ ऑगिल्वीकडे गेले. ड्रायव्हर रुसला असेल त्या दिवशी छोटा क्लब घेण्यात कमीपणा नाही.

शेवटी एक सूचना. वळलेला चेंडू शेजारच्या फेअरवेवर जातो, आणि तिथे माणसे असतात. म्हणून ‘फोर!’ असे मोठ्याने ओरडायला लाजू नका. स्विंग दुरुस्त व्हायला काही आठवडे लागतील. ओरडणे आजपासून जमण्यासारखे आहे.