मास्तर, कुलूप काढा

(नाशिक इथं केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत हमाली करतो. शिक्षण मॅट्रिक. कवितेवर बोलेन म्हणून तुम्ही बोलावलंत, पण मी विज्ञानाच्या मास्तरावर बोलणार आहे. कारण तुमच्यातले कैकजण डी.एड., बी.एड. करताहेत. उद्या आपल्या वस्तीतली पोरं तुमच्यासमोर बसणार आहेत.

हमालाला विज्ञान कळतं. कप्पी, तरफ, तोल, घर्षण आम्ही खांद्यानं शिकलो. तेच शाळेत व्याख्या होऊन आलं आणि आमची पोरं ढ ठरली. मी शिकलो त्या शाळेत प्रयोगाचं सामान होतं. कपाटात, कुलूप लावून. तपासणीला साहेब आला की बाहेर निघायचं, साहेब गेला की आत. लिटमसचा रंग बदलतो हे आम्ही पाठ केलं, पाहिलं कधीच नाही. काळारामाचं बंद दार उघडावं म्हणून १९३० साली याच नाशकात सत्याग्रह झाला. कपाटाच्या दाराचा सत्याग्रह अजून व्हायचाय.

आता पाण्याचं बघा. दोन भाग हायड्रोजन, एक भाग ऑक्सिजन, हे प्रत्येक पोरगं घोकतं. १९२७ च्या मार्चात बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. मग सवर्णांनी १०८ घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही घालून त्या तळ्यात बुडवल्या, मंत्र म्हटले आणि तळं शुद्ध झालं म्हणाले. शेणानं पाणी शुद्ध होतं आणि माणसाच्या ओंजळीनं बाटतं! हे कुठलं रसायनशास्त्र? हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ चा मार्च उजाडला. वर्गात पाण्याचं सूत्र शिकवून जो मास्तर घरी आपल्यासाठी वेगळा पेला ठेवतो, त्याला सूत्र पाठ आहे, विज्ञान ठाऊक नाही.

मास्तर घडवावा लागतो. जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनला सांगितलं, की मास्तर प्रशिक्षण घेतलेला पाहिजे, होता होईल तो शेतकऱ्यांतला पाहिजे, वेळ पडली तर नांगर धरणारा पाहिजे, आणि पगार १२ रुपयांच्या खाली नको. हाताला काम ठाऊक असलेला मास्तर त्यांनी मागितला होता.

तसं घडवून दाखवलेलंही आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत काम सुरू झालं. पोरांनी टोळ्या करून स्वतः प्रयोग करायचे, परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायचं. त्यासाठी आधी मास्तरांनी एकत्र जमून तेच प्रयोग स्वतःच्या हातानं केले. दर महिन्याला बैठक. कुठं अडलं, पोरानं काय विचारलं, ते तिथं मांडायचं. त्यांच्यातलेच मास्तर पुढं दुसऱ्या मास्तरांना शिकवायला लागले. याला म्हणायचं पुढारीपण. हेडमास्तरची खुर्ची मिळाली म्हणजे कुणी पुढारी होत नाही. ३० वर्षं हे चाललं, आणि २००२ साली सरकारनं बंद केलं. कुलूप वरूनही लागतं, ध्यानात ठेवा.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षणाची संधी लिहिलीय. ५० तास थोडे नाहीत. पण त्या तासांत मास्तर करतो काय? पडद्यावरचं भाषण ऐकून प्रमाणपत्र घेतो, की हातात परीक्षानळी धरतो? शिकवायला उभा राहणारा कोण असतो? वस्तीतल्या शाळेत वीस वर्षं झिजलेल्या बाईंना तिथं कधी बोलू देतात का? हे प्रश्न प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये उभं राहून विचारा. विचारायची लाज वाटली, तर पोरांना 'का?' विचारा म्हणून कुठल्या तोंडानं सांगणार?

सरकारी हुकमाची वाट बघू नका. कपाटाची किल्ली वर्गात आणा. नळी फुटली तर फुटू द्या, दुसरी मिळते. महिन्यातला एक रविवार धरा. आसपासच्या शाळांतले मास्तर-बाई विहारात जमा, एक प्रयोग करा, आपापली अडचण मांडा. आणि गवंडी, वायरमन, हमाल यांना वर्गात न्या. पोरांना कळू द्या, की बापाच्या हातात जे आहे तेही विज्ञान आहे. मला बोलवा. गोदीतून येईन, कप्पी कशी ओढतात ते दाखवीन.

जय भीम!