दारची जास्वंद, शेजारची द्राक्षबाग

मैत्रिणींनो, गणपतीच्या फुलासाठी आपण दारात जास्वंद लावतो. तिच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसलं, पानं आकसून गोळा झाली, की समजावं पिठ्या ढेकूण आला. आपल्या नाशिकच्या द्राक्षघडांवर बसतो तोच हा गुलाबी पिठ्या. म्हणजे दारातली कीड वर्षभराच्या कमाईवर येऊ शकते.

आम्ही गटातल्या बायका दर आठवड्याला झाड नीट पाहतो. कीड लागलेला शेंडा कापून पिशवीत घट्ट बांधतो, बांधावर टाकत नाही. मुंग्या पिठ्याचा गोड चिकटा खातात आणि त्याची राखण करतात, म्हणून मुंग्यांची रांगही मोडतो. थोडी कीड असेल तर संध्याकाळी साबणाचं पाणी फवारतो. ऑक्टोबर छाटणीआधी आपापली जास्वंद एकदा तपासूया.