ताग्यामागची जमीन

(गांधीबाग, नागपूर येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



गांधीबाग म्हणजे कापडाचा बाजार. दुकानात तागा उलगडला की आपण पोत बघतो, भाव विचारतो. कापूस कोणत्या मातीतून आला, तो कोणी पिकवला, हे विचारत नाही. ताटातल्या तूरडाळीचंही तसंच.

२००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा फवारणी कमी होईल अशी आशा होती. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीलाही दाद देईना. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्या अंगावरच्या सुताची ही किंमत कुठल्याच पावतीवर नसते.

त्याच यवतमाळात सुभाष शर्मा रासायनिक शेती सोडून नैसर्गिक शेतीकडे वळले. पावसाचं पाणी शेतातच मुरवायचं. गाय, झाडं, पक्षी आणि वनस्पती यांच्या आधारे माती जिवंत ठेवायची, ही त्यांची पद्धत. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पुनरुज्जीवक शेती हे नाव नवं आहे, पण त्यातलं बरंच विदर्भाला जुनंच. कपाशीत तुरीचं तास असायचं. तुरीची मुळं खोल जातात, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, गळलेला पाला मातीत मिसळतो. पऱ्हाटी जाळली तर मातीचं अन्न धुरात जातं. बारीक करून शेतात पसरली तर मातीला परत मिळतं.

उश्रचा हिशेब आठवा. पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा, पण कष्टाने पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा. म्हणजे हिशेबात शेतकऱ्याचा घाम धरलेला आहे. आपण घासाघीस करताना तो धरतो का?

रसायनं सोडल्यावर सुरुवातीची काही वर्षं उत्पन्न घटू शकतं. हा धोका एकट्या शेतकऱ्याने का सोसावा? म्हणून माझी एकच सूचना आहे. मोहल्ल्यातल्या दहा घरांनी एकत्र यावं. अशा एका शेतकऱ्याला भेटावं, त्याचं शेत बघावं आणि वर्षाची तूरडाळ-ज्वारी पेरणीआधीच रास्त भाव ठरवून त्याच्याकडून घ्यावी. ताटात तेवढंच वाढून घ्यावं, जेवढं संपेल.

मृग लागायच्या आत दहा घरांची यादी करू या. पहिलं नाव आजच लिहा.